बाळाचे जेवण

फ्रान्समधील ल्यों या शहरात एका रस्त्याला 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' असे नाव दिलेले आहे. ऑग्युस्त व लुई लुमिए या बंधूंचा छायाचित्रणाच्या काचा तयार करण्याचा कारखाना येथे होता. त्या कारखान्याची एक जुनी छपरी जपून ठेवण्यात आली असून शेजारी, त्यांच्या वडिलांच्या प्रशस्त वाड्यात, लुमिए बंधूंचे संग्रहालय आहे. जगातील अगदी आरंभीचे चित्रपट या कुटुंबाने घेतले.

ज्या यंत्राने त्यांनी हे चित्रपट घेतले, ते एका लहानशा लाकडी पेटीएवढे होते. त्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. दर सेकंदास सुमारे १६ छायाचित्रे घेतली जात. तीच चित्रे पुढे त्याच गतीने पडद्यावर टाकली, की आपला मेंदू ती एकमेकांशी जोडतो आणि चित्रातील माणसे हालत आहेत असे आपणांस दिसते. यंत्रात सुमारे १७ मीटर लांबीची फीत मावत असे. म्हणून प्रत्येक चित्रपट ५० सेकंदांच्या आसपास संपे.

आता या यंत्राने टिपावयाचे काय? राजेरजवाड्यांच्या मिरवणुकी टिपाव्या, असे पुष्कळांना सुचले असते. त्याही पुढे टिपल्या गेल्या. परंतु १८९५ साली लुईने हे यंत्र आपल्याच माणसांसमोर मांडले. 'बाळाचे जेवण' या चित्रपटात घराबाहेर टेबलापाशी त्याचा भाऊ ऑग्युस्त, भावजय मार्गरित आणि त्यांची लहानगी मुलगी आंद्रे ही तिघे बसलेली आहेत. वडील मुलीला चमच्याने भरवीत आहेत. आई कॉफी ओतून घेत आहे. मध्येच वडील मुलीच्या हाती बिस्कीट देतात आणि ती ते कोणाला तरी देण्यासाठी पुढे करते. चित्रपटात घडते ते एवढेच.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील एका उपाहारगृहाच्या तळघरात तिकीट लावून १० चित्रपट दाखविण्यात आले. त्यांत हाही होता. त्या दिवशी पैसे देऊन आलेले प्रेक्षक अवघे ३३ होते. बाळापेक्षाही मागे वाऱ्याने हालणाऱ्या पानांचे त्यांना अधिक नवल वाटले, असे सांगतात. नाटकाच्या पडद्यावर रंगविलेली झाडे त्यांनी पाहिली होती. पण त्या झाडांची पाने कधी हालली नव्हती!

एका चमच्यावरून भांडणारी दोन बाळे, मांजराला खाऊ देणारी मुलगी, असेही चित्रपट लुमिएंनी घेतले. ते समजण्यास अक्षरओळख लागत नाही, की परकी भाषा यावी लागत नाही. म्हणूनच चार-पाच वर्षांच्या मुलांनाही ते पाहता येतात व आवडतात.

मोठ्यांना मात्र हा चित्रपट पाहताना आणखी एक गोष्ट आठवते. बिस्कीट पुढे करणारी ती आंद्रे १९१८ साली, वयाच्या २४व्या वर्षी, इन्फ्लुएंझाच्या साथीत मरण पावली. त्याच साथीने आपल्या मुंबईतही हाहाकार उडविला होता. ती चित्रफीत पाहून तिच्या आईवडिलांचे दुःख हलके झाले असेल की वाढले असेल, हे कोण सांगणार?

७ जुलै १८९६ रोजी लुमिएंचे चित्रपट मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविले गेले. पुढे दादासाहेब फाळके यांनी चित्रपट काढले, तेही घरच्यांच्या साह्याने. पत्नी सरस्वतीबाई फिती धुण्याचे काम शिकल्या. मुलगा भालचंद्र 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटात रोहिदास झाला, तर मुलगी मंदाकिनी 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये बाळकृष्ण झाली. परंतु 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही. त्याचा काही भागच उरला आहे. त्या काळच्या फिती सहज पेट घेत, नाहीतर कुजून त्यांची भुकटी होई. म्हणून संग्रहालये अशा फिती थंड जागी ठेवतात आणि वेळीच त्यांच्या नव्या प्रती काढतात.

मुलांनो, बाळाला भरविण्याचे काम घरोघरी रोजच चालते आणि रोजचे म्हणून आपण त्याकडे लक्ष देत नाही. लुईने ते लक्ष दिले आणि पुढच्यांनी ती फीत सांभाळली. म्हणून आंद्रे आजही आपल्यापुढे बिस्कीट धरते.