मैदानावरची इंग्रजी, वर्गातली इंग्रजी

ईएएल म्हणजे? ‘इंग्लिश ॲज ॲन ॲडिशनल लँग्वेज’. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा कानावर पडणाऱ्या मुलाची इंग्लंडच्या शाळांत अशी नोंद होते. मूल इंग्रजी फाडफाड बोलत असले, तरीही! प्राथमिक शाळांत हे प्रमाण साधारण पाचात एक.

किती वेळ लागतो? भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दोन इंग्रजींतला फरक मांडला. खेळता-भांडताना लागणारी इंग्रजी सुमारे दोन वर्षांत जमते. गणितातले शाब्दिक उदाहरण किंवा विज्ञानातले ‘कारण सांगा’ पेलणारी इंग्रजी यायला पाच ते सात वर्षे, कधी त्याहून जास्त. त्यामुळे डबा खाताना गप्पा मारणारे मूल धड्यापाशी अडते.

गप्प काळ : नवखे मूल काही आठवडे, क्वचित महिनेही बोलत नाही. ऐकत मात्र असते. चित्रे, हावभाव, मातृभाषा बोलणारा सोबती यांची तेव्हा मदत होते.

वेगळा वर्ग? १९८५ च्या स्वान अहवालाने स्वतंत्र भाषाकेंद्रांऐवजी नेहमीच्या वर्गातच मदत द्यावी, असे सुचवले.

अध्ययन-अडचण नव्हे : घरची भाषा वेगळी, एवढ्यावरून मुलाला अध्ययन-अडचण आहे असे मानता येत नाही. २०१४ चा मुले व कुटुंब कायदा तसे स्पष्ट सांगतो.

मराठी मुलांचे अडसर
- ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ : मराठीत दोन्हींना एकच ‘व’.
- ‘टेबलावर’मधला ‘वर’ मागून येतो, इंग्रजी ‘ऑन’ आधी.
- ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीतच.