लेखकांची लेकरं – लेखांक ६ : अप्पांची एकुलती एक

गेल्या लेखांकात गणेश आत्माराम खांडेकर या मुलाचा विष्णू सखाराम कसा झाला, ते आपण पाहिलं. नात्यातल्याच सखाराम खांडेकरांना तो दत्तक गेला, सांगलीचा मुलगा सावंतवाडी संस्थानात आला आणि पुढे १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून रमला. त्या काळी मुलगा नसला की घराचं नाव, जमीन, श्राद्धपक्ष हे सगळं चालवायला दत्तक घेत. मुलगी असली तरी घेत. तो लेख वाचून शिरोड्याच्याच एका वाचक बाईंनी विचारलं, ‘‘लेखकाला एकच मूल आणि तेही मुलगी, असं कुठे झालं असेल तर त्या मुलीच्या वाट्याला काय येतं हो?’’ प्रश्न मनात घर करून राहिला, म्हणून आजचा लेखांक.

गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे आपले गोनीदा, घरच्यांचे अप्पा. त्यांची एकुलती एक मुलगी वीणा, लग्नानंतरच्या डॉ. वीणा देव. गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६चा, वऱ्हाडातल्या परतवाड्याचा. वयाच्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या ओढीने घर सोडलं ते सोडलंच. गाडगेबाबांचा सहवास, वेदान्ताचं अध्ययन, नर्मदेची परिक्रमा, मधुकरी मागून खाणं, मिळेल तिथे पाठ टेकणं. अशा फिरस्त्याने पुढे लग्न केलं आणि तळेगाव दाभाड्याला संसार थाटला. १९४७च्या सुमाराला ठरवलं, यापुढे लेखणीवरच जगायचं. मराठी लेखकाने असं ठरवणं म्हणजे घरच्यांनीही ते सोसायची तयारी ठेवणं. त्या तयारीतला मोठा वाटा नीराताईंचा, गोनीदांच्या पत्नीचा. नवरा महिनोन्‌महिने गडांवर, नाहीतर टेबलाशी. मिळकत पुस्तकाच्या आवृत्तीवर आणि व्याख्यानाच्या मानधनावर अवलंबून. अशा घरात वीणाताई वाढल्या.

त्यांच्या लहानपणी घरात काय लिहिलं जात होतं ते पाहा. ‘शितू’ १९५३ची, ‘पडघवली’ १९५५ची, ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ १९५७ची, ‘माचीवरला बुधा’ १९५८ची. ही मुलगी शाळेत पाढे म्हणायला शिकत होती, तेव्हा तिच्या वडिलांच्या कागदांवर अंजनवेलची खाडी, ओस पडत चाललेलं कोकणातलं गाव आणि राजमाचीवर एकटा राहणारा म्हातारा अशी माणसं नि ठिकाणं जन्माला येत होती. एकुलत्या मुलाला भावंडं नसतात असं आपण म्हणतो. या घरात कादंबरीतली माणसं होती, ती वीणाताईंच्या बरोबरीने वाढली. मोठेपणी त्यांनी त्या माणसांची जी उस्तवार केली, ती भावंडांची करावी तशीच केली, असं मला त्यांच्या कामाकडे पाहताना सारखं वाटत आलं आहे.

वीणाताई मराठीच्या प्राध्यापक झाल्या. पुण्याच्या शाहू मंदिर महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. स्वतः लिहिलंही, वडिलांवरचं ‘आशक मस्त फकीर’ हे त्यांचं पुस्तक गोनीदांच्या वाचकाने वाचायलाच हवं. पण कादंबरीकाराची मुलगी म्हणून कादंबरीकार होण्याच्या फंदात त्या पडल्या नाहीत. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. नामवंत बापाच्या मुलाने त्याच मैदानात उतरलं की आयुष्यभर तुलना भोगावी लागते. वीणाताईंनी दुसरंच काम हाती घेतलं, आणि त्यात तुलनेला कुणी नव्हतंच.

ते काम म्हणजे कादंबरीचं अभिवाचन. सत्तरच्या दशकात त्यांनी ते सुरू केलं. सोबत पती डॉ. विजय देव, हे स्वतः राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि गडकोटांचे जाणकार. पुढे मुलगी मृणाल मोठी झाली तीही वाचायला बसली, जावई रुचिर कुलकर्णी आले तेही बसले. म्हणजे एक अख्खं घर रंगमंचावर बसून घरच्या माणसाची कादंबरी वाचायचं. ‘मोगरा फुलला’, ‘शितू’, ‘पडघवली’, ‘मृण्मयी’, ‘माचीवरला बुधा’, ‘जैत रे जैत’ अशा किती तरी कादंबऱ्यांचे गावोगाव शेकड्यांनी कार्यक्रम झाले, अगदी परदेशातल्या मराठी मंडळांतसुद्धा.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही, म्हणून त्याच्या कारागिरीविषयी जरा सविस्तर लिहितो. दोन-अडीचशे पानांची कादंबरी जशीच्या तशी वाचायला घेतली तर पाच-सहा तास कुठेच गेले नाहीत. श्रोता बसतो दोन तास, फार तर अडीच. म्हणजे निम्म्याहून जास्त मजकूर गाळायचा, पण शब्द मात्र लेखकाचेच ठेवायचे. सांधा जुळवायला आपलं वाक्य घातलं की लगेच ते ऐकणाऱ्याच्या कानाला टोचतं. मग कुठला प्रसंग ठेवायचा? एखादं वर्णन पानभर आहे, त्यातली कुठली चार वाक्यं ठेवली म्हणजे ते ठिकाण उभं राहतं? ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ हे छापील पानावर लागतं. दोन आवाज असले की ते आपोआप गळतं आणि तेवढ्याने वेग येतो. निवेदन कुणी वाचायचं, पात्रं कुणी, एका आवाजाने दोन पात्रं वाचायची तर फरक किती दाखवायचा? जास्त दाखवला की नाटक होतं, आणि नाटक झालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे त्याचं स्वतःचं चित्र उमटायचं थांबतं. हातात कागद, समोर मायक्रोफोन, बसल्या जागी वाचन. जे काय घडायचं ते आवाजात.

त्यात पुन्हा गोनीदांची बोली. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांची भाषा, ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये वऱ्हाडी, ‘पडघवली’त कोकणी ब्राह्मणी घरातलं बायकांचं बोलणं. प्रत्येकीचा हेल वेगळा, श्वास घ्यायची जागा वेगळी. ‘पडघवली’ तर सबंधच आंबावहिनी सांगते. पुरुषाने लिहिलेलं, पण बाईच्या तोंडचं. ती कादंबरी मनात वाचली तर बोलीचे शब्द मध्ये मध्ये अडतात. एखाद्या बाईने मोठ्याने वाचली की वाक्यं आपसूक सुटी होतात, कुठे रुसवा आहे, कुठे दम दिला आहे ते कळतं. मी हा प्रयोग घरी केला आहे. पावसाळ्यात वीज गेलेली, बत्तीच्या उजेडात माझ्या आतेने पहिलं प्रकरण वाचलं. तिची बोली आमची मालवणी, गुहागरकडची नव्हे, तरी दुसऱ्या पानावर तिचा हेल लागला तो सुटला नाही. मुळात ते पुस्तक सांगण्यासाठीच लिहिलेलं आहे. वीणाताईंनी ते ओळखलं आणि आंबावहिनीला तिचा बाईचा आवाज परत दिला. लेखकाच्या मुलीने केलेलं याहून मोठं काम मला तरी माहीत नाही.

याच्या शेजारी एक परदेशी उदाहरण ठेवतो. अमेरिकन कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यालाही एकच मुलगी, स्कॉटी. जन्म १९२१चा. बाप दारूने आणि कर्जाने खचलेला, आई झेल्डा मनोरुग्णालयात. १९४०मध्ये बाप गेला तेव्हा ही कॉलेजात होती. १९४८मध्ये रुग्णालयाला लागलेल्या आगीत आईही गेली. वडील गेले तेव्हा त्यांची पुस्तकं फारशी कुणी विचारत नव्हतं. स्कॉटीने पत्रकारिता केली, संसार केला, आणि वडिलांचे कागद मोडीत न काढता प्रिन्स्टन विद्यापीठाला देऊन टाकले. आज फिट्झजेराल्डवर कुणालाही काम करायचं तर त्या कागदांपाशी जावंच लागतं. वडिलांनी तिला कॉलेजात पाठवलेल्या पत्रांचं पुस्तकही निघालं. स्कॉटीने कागद सांभाळला, वीणाताईंनी आवाज. दोघींनाही विचारायला भाऊ नव्हता, बहीण नव्हती. काय ठेवायचं, काय द्यायचं, कुणाला हो म्हणायचं हे एकटीनेच ठरवायचं होतं.

हे एकटीने ठरवणं कायद्यातही उतरतं. आपल्याकडे लेखक वारला की त्याच्या पुस्तकांचा हक्क पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षं चालतो. गोनीदा १ जून १९९८ला गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचा हक्क २०५८ अखेरपर्यंत. तोवर नवी आवृत्ती, नाट्यरूपांतर, चित्रपट, अनुवाद, प्रत्येक गोष्टीला हक्कदाराची परवानगी लागते. मृत्युपत्र नसेल तर हा हक्क इतर मालमत्तेसारखाच वारसांकडे जातो, आणि १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस झाली. वारस सात-आठ असले की एका सहीवाचून पुस्तक वर्षानुवर्षं छापायचं राहतं, हे प्रकाशकांना चांगलं ठाऊक आहे. एकुलतं मूल असलं की तंटा नाही. पण ते मूल उदासीन निघालं तर मात्र पुस्तक मेलंच म्हणायचं, कारण दुसरं कुणी पुढे येणारच नसतं.

गोनीदांचं दुसरं वेड गडांचं. राजगड त्यांचा लाडका. ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचून माणसं गडावर जायला लागली. ते वेडही या घराने सोडलं नाही. विजय देवांनी गोनीदांच्या नावाने दुर्गप्रेमींना एकत्र केलं, दुर्ग साहित्य संमेलनं भरवली, आणि त्यातलं एक आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विजयदुर्गावर झालं. सभागृह सोडून तटबंदीच्या आत गडांच्या पुस्तकांविषयी बोलायचं, ही कल्पनाच गोनीदांच्या तालमीतली.

नातीविषयी थोडक्यात. मृणाल कुलकर्णी घराघरात पोचल्या त्या रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरच्या मालिकेतल्या रमाबाई म्हणून, शाळा-कॉलेजच्या वयात. म्हणजे त्यांनाही पहिली ओळख एका मराठी कादंबरीनेच दिली. पुढे त्यांचं नाव एवढं मोठं झालं, तरी आजोबांच्या कादंबरीचं वाचन असलं की त्या आईच्या शेजारी कागद घेऊन बसत. नीराताई, वीणाताई, मृणाल अशा तीन पिढ्यांच्या बायकांनी हे घर चालवलं. गेल्या लेखांकातली दत्तकाची चाल मनात ठेवून हे वाचा, म्हणजे शिरोड्याच्या बाईंचा प्रश्न किती नेमका होता ते कळेल.

वीणाताई २०२४च्या ऑक्टोबरात गेल्या. त्यांच्या आवाजातलं वाचन ध्वनिमुद्रणांमध्ये आहे, ते जरूर ऐका.

आणि एक काम आपल्या सिंधुदुर्गाचं आहे. शिरोड्याचे खांडेकर, आरवलीचे जयवंत दळवी, वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर; एका जिल्ह्याच्या पट्टीत एवढे कादंबरीकार क्वचित सापडतील. खानोलकरांची ‘कोंडुरा’ किंवा दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ मोठ्याने वाचलेलं आपण कधी ऐकलं? रात्र-रात्र दशावतार ऐकणारी माणसं आहोत आपण, बोलीचे कान आपल्याला उपजत आहेत. वाचायला लेखकाची मुलगीच हवी असंही नाही. सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरासारखी जुनी वाचनालयं इथे आहेत, मराठी शिकवणारे मास्तर आहेत, दशावतारात आवाज तापवलेले तरुण आहेत. हक्कदारांची परवानगी घ्यायची, चार जणांनी बसून दोन तासांची संहिता काढायची आणि येत्या पावसाळ्यात एखाद्या शनिवारी संध्याकाळी वाचायला बसायचं. ज्यांना यात उतरायचं असेल त्यांनी मला जरूर कळवा. संहिता काढायला मी येईन.

पुढच्या आठवड्यात हरी नारायण आपट्यांच्या घरी जाऊ.