निरगाठ, सुरगाठ आणि तिसरी गाठ

मंडळी, आजचा विषय डोक्याचा कमी आणि हाताचा जास्त आहे. दोर टाकून झाडावर चढणाऱ्याच्या कमरेला जो पट्टा असतो, ज्याला हार्नेस म्हणतात, त्याच्या पुढच्या बाजूस एक आखूड दोर आडवा बांधलेला असतो. त्याचे नाव ब्रिज, म्हणजे पूल. हा पूल हवा तेव्हा आखूड, हवा तेव्हा लांब करता येईल असा कसा बांधावा, एवढेच आज सांगायचे आहे. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्यांनी दोरावर का बोलावे, असे कुणी विचारील. गाठीशी आमचा संबंध जुना आहे, तो ओघात येईलच.

पोहरादेवीत हे बोलण्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे चिंच, कडुनिंब, मोह अशी मोठाली झाडे. माघ-फाल्गुनात चिंचा झोडायला पोरे वर जातात ती हातात बांबू घेऊन, दोराशिवाय. पावसाळ्याआधी फांद्या छाटायला जाणारा कुऱ्हाड घेऊन जातो, तोही तसाच. चिंचेचे लाकूड चिवट, पण आतून वाळलेली फांदी बाहेरून कळत नाही. झाडावरून पडून कंबर गेलेला माणूस कुठल्या गावाला माहीत नाही?

दोराशी आपले हात अनोळखी नाहीत. दावे, कासरा, नाडा, सोल, चऱ्हाट, प्रत्येकाचे काम वेगळे आणि जाडीही वेगळी. तांड्यांच्या लदेणीत मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवरून कित्येक कोस जायचे. बैलाच्या दोन्ही अंगांना भार सारखा पाहिजे, आणि वाटेत ओझे हलले की दोर पुन्हा आवळता आला पाहिजे. ही आवळण्याची सोय आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे.

कोकणात आणि गोव्यात माडावर चढतात ते पायांत दोरीचा फास अडकवून किंवा खोडाला पाडलेल्या खाचांवर पाय ठेवून. नारळ विकास मंडळाने २०११ साली केरळात तरुणांना यंत्राच्या मदतीने माडावर चढायचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. पण माड म्हणजे एकच सरळ खांब. चिंचेसारख्या फांद्या फुटलेल्या झाडावर ती रीत चालत नाही. तिथे वरच्या भक्कम बेचक्यातून दोर घ्यायचा, त्या दोराला बसते राहायचे आणि या फांदीवरून त्या फांदीवर जायचे.

आता पुलाचे काम पाहा. हार्नेसच्या डाव्या आणि उजव्या अंगाला एकेक कडी. त्या दोन कड्यांमध्ये पूल. पुलावर एक मोकळी कडी सरकते आणि चढायचा मुख्य दोर तिला जोडलेला असतो. तुम्ही डावीकडे कललात की कडी सरकते आणि कमरेला पीळ बसत नाही. म्हणजे वर लटकलेल्या माणसाचा सगळा भार या दोन वितीच्या दोरावर असतो. मुख्य दोराकडे सगळ्यांचे लक्ष जाते, याच्याकडे कुणी पाहत नाही.

पूल लांब ठेवला तर कंबर मोकळी फिरते, आडव्या फांदीवर दूरवर जाता येते. आखूड ठेवला तर मुख्य दोर अंगाशी राहतो आणि वर चढताना प्रत्येक हिसक्याला थोडी जास्त उंची मिळते. एकाच झाडावर दोन्ही लागतात.

मात्र आखूड करण्याची किंमत आहे. समजा माणूस ८० किलोचा आहे. पुलाच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक बाजूवर सुमारे ४६ किलोचा ताण येतो. ९० अंशांना तो ५७ होतो. १२० अंशांना प्रत्येक बाजूवर पूर्ण ८० किलो. आणि पूल इतका ताठ केला की कोन १५० अंशांचा झाला, तर एकेका बाजूवर दीडशे किलोच्या वर! माणूस तोच, दोर तोच, फक्त कोन बदलला. हा ताण दोन्ही अंगांच्या कड्यांना आत ओढतो, म्हणून फार आखूड पूल कमरेची हाडे दाबतो. शाळेत त्रिकोणमिती कशाला शिकायची असे विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण द्यावे.

आता गाठीकडे. मराठीत गाठीचे दोन प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेत. सुटता सुटत नाही ती निरगाठ, आणि टोक ओढले की सुटते ती सुरगाठ. आपल्या पुलाला या दोन्ही एकट्याने पुरत नाहीत. निरगाठ बांधली तर लांबी बदलता येणार नाही. सुरगाठ बांधली तर माणूस खाली येईल. हवी अशी गाठ, जी हाताने सरकवली तर सरकेल आणि भार आला की घट्ट धरेल. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली अशी गाठ प्रसिद्ध केली. सह्याद्रीत दोर लावून चढणारी मुले तिला प्रुसिकच म्हणतात.

इथे आमचे जुने दुकान थोडे उघडतो. वैशेषिक दर्शनात संयोग हा गुण मानला आहे, पण तो एका वस्तूत राहत नाही, दोन वस्तूंत मिळून राहतो. प्रुसिकची पकड नेमकी तशी आहे. बारीक दोरीत ती नाही, जाड दोरातही नाही. दोघांच्या जाडीत फरक किती, वेढे किती, ते नीट बसले की नाही, दोर ओला की कोरडा, यावर ती ठरते. म्हणून 'ही गाठ पक्की आहे' हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या दोरीची, कोणत्या दोरावर, हे विचारलेच पाहिजे.

बांधायची रीत अशी. पुलासाठी साधारण १२ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा, चढाईसाठीच बनवलेला नवा दोर घ्या, पाच-सहा फूट. ईएन १८९१ या मानकाच्या 'ए' प्रकारचा असेल तर तो किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार किलोंपर्यंत टिकतो. गाठीने ही ताकद कमी होते, हे धरून चाला. विहिरीचा नाडा किंवा ट्रकचा दोर इथे चालणार नाही, कितीही जाड असो.

एक टोक डाव्या कडीला इंग्रजी आठाच्या दुहेरी गाठीने बांधा. ही आपली निरगाठ. टोक किमान वीतभर बाहेर राहू द्या. मग सरकती कडी ओवून घ्या. ती विसरली तर सगळे सोडून पुन्हा बांधावे लागते. आता ८ मिलिमीटरच्या दोरीचा छोटा बंद फास घ्या, त्याची जोडगाठ दुहेरी फिशरमनची. तो पुलाच्या दोराभोवती स्वतःमधूनच तीनदा फिरवा. सहा वेढे शेजारी-शेजारी बसले पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. फासाचे दुसरे टोक उजव्या कडीत, कुलूप लागणाऱ्या कॅराबिनरने. फास आखूडच ठेवा, गाठ कडीपासून चार बोटांत आली पाहिजे. शेवटी पुलाच्या मोकळ्या टोकाला एक जाड गाठ मारा. प्रुसिक चुकून घसरलाच, तर ही गाठ त्याला जाऊन अडते आणि दोर निसटून जात नाही. या गाठीचा कंटाळा करू नये.

लांबी बदलताना भार पुलावरून काढून घ्यायचा. फांदीवर पाय रोवायचा किंवा दुसऱ्या दोराने स्वतःला बांधून घ्यायचे, मगच गाठ सरकवायची. भाराने ती आवळली असेल तर वेढ्यांवरून गेलेला आडवा पदर अंगठ्याने मागे ढकला, लगेच मोकळी होते. काही हार्नेसचा पूल कारखान्यातूनच शिवून येतो. त्याला हात लावू नका. हार्नेसच्या पुस्तिकेत पूल बदलायची परवानगी आहे का, तेही आधी वाचा. आणि हे सगळे जाणत्या माणसासमोर बांधा, आमचे व्याख्यान ऐकून एकट्याने नव्हे.

पहिली परीक्षा जमिनीपासून फूटभरावर. खालच्या फांदीला दोर टाका, पूर्ण भार द्या, दोन्हीकडे झोके घ्या, थोडे हिसके द्या. गाठ जिथे होती तिथून हलली का, हे कळायला दोरावर आधी खडूची खूण करून ठेवा. हलली तर एक वेढा वाढवा किंवा बारीक दोरी बदला. पुढे रोज चढण्याआधी सरकत्या कडीखालचा भाग बोटांनी चाचपायचा. झीज तिथे पहिली दिसते. कव्हर फुलले, आतला गाभा मऊ किंवा कडक लागला, की पूल काढून टाकायचा. काढलेला दोर तसाच खुंटीला अडकवू नका, कुणीतरी तो घेऊन वर चढतो. त्याचे हातभर तुकडे करा. एखादा तुकडा वासराच्या दाव्याला जोड म्हणून कामी येईल.