दोन नळ, एक हौद आणि आईचे ताट

एका हौदाला दोन नळ आहेत. एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो. दोन्ही नळ एकदम सुरू केले तर... विद्यार्थी मित्रहो, हे गणित तुम्ही सोडवले असेलच. शाळेत असताना मला त्याचा फार राग येई. भरायचा हौद दुसऱ्या बाजूने रिकामा कोण करतो, असे मी एकदा गुरुजींना विचारलेही होते. उत्तर मिळाले ते पुष्कळ वर्षांनी, आईला मधुमेह झाला तेव्हा. असा हौद आपल्या प्रत्येकाच्या शरीरात असतो.

थोडा हिशेब करू. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात सकाळी उपाशीपोटी ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज सापडते. वरचा आकडा धरला तरी ५ लिटरमध्ये किती झाले? ५,००० मिलिग्रॅम, म्हणजे अवघे ५ ग्रॅम. चहाच्या चमच्याने एक चमचा! आता वाटीभर भात घ्या. त्यात सुमारे ३० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब माळ. आतड्यात ही माळ तुटते आणि सुटे झालेले ग्लुकोज रक्तात शिरते. म्हणजे ज्या हौदात एक चमचा साखर असायची, त्यात एका वाटी भातामागे सहा चमचे येऊन पडतात. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातली साखर फारशी चढत नाही, कारण आवक हळूहळू होते आणि दुसरा नळ लगेच उघडतो. या नळाची चावी म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारे इन्शुलिन. त्याच्यामुळे ग्लुकोज स्नायूंत जाते, यकृतात साठते.

काही रोग्यांत, विशेषतः लहान वयात मधुमेह झालेल्यांत, ही चावी जवळजवळ नसतेच. त्यांना इन्शुलिन टोचून घ्यावेच लागते. बाकी बहुतेकांत चावी असते, पण नळ गंजल्यासारखा घट्ट झालेला असतो. हौद भरत राहतो. पातळी १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की साखर लघवीत उतरू लागते, धरणाच्या सांडव्यावरून पाणी जावे तशी. वर्षानुवर्षे पातळी चढी राहिली तर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा बिघडतात.

आईचे निदान झाल्यावर आम्ही घरच्यांनी काय केले, ते सांगायला आता लाज वाटते. साखर बंद, भात बंद, आंबा बंद. तिच्यासाठी उकडलेले कारले आणि ज्वारीची भाकरी. आम्ही सगळे बाहेर जेवायला बसायचो आणि ती आपले ताट घेऊन आत स्वयंपाकघरात. "तुम्ही जेवा रे. मला काय, औषधच घ्यायचंय," असे म्हणायची. आणि एवढे करून साखर उतरली का? नाही! गोड खाल्ले नाही या समाधानात ती दोन भाकऱ्यांच्या तीन करी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटभर खाई. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. तो जिभेला गोड लागत नाही इतकेच. भाकरीतही पिष्ट आहेच, आणि साखरेऐवजी गूळ घातला तरी रक्ताला त्यात फारसा फरक कळत नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. पण एखादी गोष्ट किती आहे याबरोबरच ती किती वेगाने वाहते, हे पाहण्याची आम्हाला सवय असते. तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. दोन पेल्यांत सारखेच पाणी घ्या. एकात खडीसाखरेचा खडा टाका, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची पिठीसाखर. न ढवळता पाहत राहा. पिठीसाखर झरझर विरघळते, खडा बराच वेळ तळाशी बसून राहतो. वजन तेच, मग फरक कशाचा? पृष्ठभागाचा. १ सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर एकूण पृष्ठफळ होते ६० चौरस सेंटिमीटर. पाचकरसही पृष्ठभागावरूनच काम सुरू करतात. म्हणून मैद्याचा पाव भराभर पचतो आणि अख्खा हरभरा सावकाश. हरभऱ्याचे पिष्ट पेशींच्या भिंतींआड बंदिस्त असते आणि त्या भिंती शिजवल्यावरही बऱ्याचशा टिकतात.

हा वेग आकड्यात मांडण्याची कल्पना १९८१ साली डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील टोरांटो येथे मांडली. याच शहरात १९२१-२२ मध्ये इन्शुलिनचा शोध लागला होता. जेंकिन्स यांनी निव्वळ ग्लुकोजला १०० गुण दिले. त्या मापाने शिजवलेल्या हरभऱ्याला सुमारे ३० गुण मिळतात; भाताचे गुण तांदळाच्या जातीप्रमाणे ५० ते ९० असे कुठेही असू शकतात. मात्र हा आकडा वेग सांगतो, प्रमाण नव्हे. कलिंगडाचे गुण बरेच चढे आहेत, पण एका फोडीत साखर असते थोडीच. आणि कमी गुणांची उसळ पातेलेभर खाल्ली तर हौद भरणारच.

वेग कमी करण्याच्या युक्त्या आपल्याच स्वयंपाकघरात आहेत. रात्री भिजवलेली मेथी सकाळी कशी बुळबुळीत होते, ते पाहा. तसला चिकट चोथा पोटात अन्नाभोवती राहिला, तर साखरेला बाहेर पडायला वेळ लागतो. कोशिंबीर, भाजी, उसळ आधी आणि भात-पोळी मागून, एवढा क्रम बदलला तरी साखर कमी चढते. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटे चालावे, कारण काम करणारे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतात. ही हौदाची बाजूची तोटी म्हणा!

डॉक्टरांना विचारून आम्ही आईचे ताट पुन्हा मांडले. काकडीची खमंग कोशिंबीर, भरली वांगी, मटकीची उसळ, दही, एक भाकरी आणि हो, अर्धी वाटी भातही. भाजणीच्या थालीपिठाला परवानगी मिळाली तेव्हा ती पहिल्यांदा हसली. तेच ताट थोड्याफार फरकाने आम्ही सगळेच घेऊ लागलो, त्यामुळे आत बसण्याचे कारण उरले नाही. मी घरी साखर मोजण्याचे यंत्र आणले आणि आलेखाचा कागद भिंतीवर लावला. नुसत्या वरणभातानंतर दोन तासांनी आकडा होता २१२. नव्या ताटानंतर १६१. अशा यंत्राच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, आणि ही मोजमापे एकाच व्यक्तीची आहेत. त्यांवरून नियम करू नका. पण आमच्या घरात तो कागद बघायला गर्दी होऊ लागली, हे खरे.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. एके दिवशी गोळी घेऊन आई जेवायची राहिली. दुपारी तिला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, ती भलतेच बोलू लागली. मी, वेगाचा अभ्यासक, धावत जाऊन काय आणावे? भाकरी! शेजारच्या काकूंनी मला बाजूला सारले, तीन चमचे साखर पाण्यात ढवळली आणि तिला घोट घोट पाजली. दहा-पंधरा मिनिटांत आई सावरली. हौद कोरडा पडत असताना हळू वाहणारा नळ काय कामाचा? तेव्हा साखरच हवी, तीही विरघळलेली. भाकरी त्यानंतर. तुमच्या घरी कुणी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर ही लक्षणे ध्यानात ठेवा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच साखर द्या. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका. गुदमरण्याचा धोका असतो. ताबडतोब डॉक्टरांना गाठा. आणि जेवण बदलले की औषधाचे प्रमाणही बदलावे लागू शकते; ते काम डॉक्टरांचे, आपले नव्हे.

गेल्या होळीला आई आमच्याबरोबर पंगतीत बसली. आधी कोशिंबीर, मग उसळ, वाटीभर कटाची आमटी. भात नाही, भाकरी नाही. शेवटी अर्धी पुरणपोळी, वर चमचाभर तूप. "अर्धीच वाढ, पण गरम वाढ," असे तिने सुनेला बजावले होते. मग आम्ही दोघे मारुतीच्या देवळापर्यंत चालून आलो. दोन तासांनी आकडा आला १७४. तिने तो स्वतःच आलेखावर मांडला आणि बिंदूशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले, 'पोळी'.