सायकल आपल्या मापाची करून घ्या



उसाची सरी आपण फूट धरून पाडतो. सायकल मात्र दुकानातून आली तशीच दामटतो. मग मुळा-प्रवरेच्या कालव्याकडेने मळ्यात जाईपर्यंत गुडघे भरून येतात, कंबर धरते. पुष्कळदा दोष वयाचा नसतो, सीटच्या उंचीचा असतो.

सीटवर बसून अगदी खाली आलेल्या पायडलवर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. हेच खरे माप. गुडघा पुढून दुखत असेल, तर सीट बहुधा खाली आहे. पायडल मारताना कंबर दोन्हीकडे डुलत असेल, तर ती फार वर आहे.

नट ढिला करून एका वेळी अर्धा इंचच बदल करा, आठ दिवस चालवून बघा. सीटची दांडी निदान अडीच इंच नळीत राहू द्या, नाहीतर ती मोडते. सीट सपाट आणि हँडल सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर ठेवा.

पोरांना मोठ्यांची २४ इंची सायकल देऊ नये. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर पावले जमिनीला पुरती टेकली पाहिजेत.

पाना नसेल तर आमच्या गट ऑफिसात या. पाच मिनिटांचे काम आहे.

— ऊस विकास अधिकारी