आजारी मनीची काळजी
म्हाताऱ्या मांजरांना मूत्रपिंडाचा जुनाट आजार बऱ्याचदा होतो. आमच्या मनीलाही तोच झालाय. आधी ती सारखं पाणी प्यायची, मग वजन उतरलं, मग कोपऱ्यात गप्प बसू लागली. मुलं म्हणाली, "मनी रुसली!" पण मांजर दुखणं लपवतं. तिचं गप्प बसणं हा रुसवा नव्हता, मळमळ आणि अशक्तपणा होता.

हा आजार बरा होत नाही, पण सांभाळता येतो. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. खाणं किंचित कोमट करून द्या. दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरांकडे न्या. माणसांची पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, मांजराला ती विषच.

दर आठवड्याला मनीचं वजन आता आमची धाकटी वहीत लिहिते. "रुसली" म्हणत नाही, "आज जेवली का?" विचारते.