उत्तन आणि भाईंदर : शेजारधर्माची कसोटी

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस जिनालये, उपाश्रय आणि बहुमजली सोसायट्यांची दाट वस्ती आहे. तेथून निघालेली बस मिठागरे मागे टाकत उत्तनला पोहोचते, तेव्हा समोर येतात त्या किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या आणि बोंबील सुकविण्यासाठी उभारलेल्या बांबूंच्या चौकटी. ही दोन्ही टोके २००२ पासून एकाच मीरा-भाईंदर महानगरपालिकेत नांदत आहेत.

उत्तनच्या कोळी समाजात ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकण्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे हा प्रदेश पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होता, त्याची ही खूण. आगरी व मुस्लिम कुटुंबे त्यांचे जुने शेजारी होत.

येथील मुख्य साधन म्हणजे डोल जाळे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात ते पिशवीसारखे रोवून ठेवतात. प्रवाह जे आणील ते त्यात साठते. पूर्वी बोंबील, जवळा, करंदी येत. आता प्लॅस्टिकही येते. ते निवडण्यात वेळ जातो, जाळी फाटतात आणि मजुरी बुडते.

शहराचा कचराही उत्तनजवळच्या धावगी डोंगरावरच जातो. तेथे वारंवार आगी लागतात, धूर वस्तीत उतरतो. ग्रामस्थांच्या तक्रारी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचल्या आहेत.

मासेमारी जैन आचाराला मान्य नाही, हे उघड आहे. तो मतभेद झाकण्याचे कारण नाही. परंतु त्या डोंगरावरील कचऱ्यात आपल्याही घरांचा वाटा आहे, हेही तितकेच उघड आहे. साधूंच्या पाच समितींपैकी उत्सर्ग समिती सांगते, की टाकाऊ वस्तू कोठे टाकावी याचाही विवेक हवा, जेणेकरून जीवांस पीडा होऊ नये. श्रावकांतही थाळी धुऊन पिण्याची परंपरा आहे. मग स्वामीवात्सल्याच्या पंगतीनंतर उरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेल्यांचा ढीग कोणत्या विवेकात बसतो?

संघांनी धातूची भांडी पुन्हा वापरात आणावीत, सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा. संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागताना उत्तनचे शेजारी आठवावेत; आणि क्षमा मागून झाल्यावर आपली कचरापेटीही एकदा उघडून पाहावी.